बसून वाजवणारा बँड

आमच्या कार्यालयातल्या शिपाईकाकांनी मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हसले होते.

"मॅडम, तुम्ही बँडमधी हाय म्हन्ते. माह्या पुतनीचं लगन हाय वैशाखात. या ना मंग."

"काका, आमचा बँड लग्नात वाजवत नाही."

"मंग कुठी वाजवते?"

"आम्ही बसून वाजवतो. खुर्च्यांवर. समोर कागद ठेवून. लोक पुढं बसतात आणि ऐकतात."

काकांनी हातातली फाइल खाली ठेवली. "म्हंजे कोनी नाचत नाही?"

"नाही."

"मंग कायले वाजवता?"

त्यानंतर चार वर्षांत हाच संवाद मी भाजीवालीशी, दंतवैद्याशी आणि सख्ख्या नणंदेशी केला आहे, आणि आता मला अजिबात हसू येत नाही. यवतमाळात बँड म्हटला की लोकांना आधी घोडा दिसतो. मग लाल कोट, डोक्यावर दिव्यांचे झुंबर घेतलेल्या बाया, आणि मागे नवरदेव. या चित्रात सरकारी कार्यालयाच्या आस्थापना विभागात काम करणारी, पन्नाशीला टेकलेली, चष्मा लावणारी बाई कुठंच बसत नाही. म्हणून लोक तिला कुठंतरी बसवून बघतात. नणंदेनं तर विचारलं होतं, "दादाचं काही बिनसलंय का गं?"

मी बँडमध्ये गेले ती वाचनालयाच्या फळ्यावर लावलेल्या एका कागदामुळे. 'हौशी लोकांना बँड शिकवला जाईल. वाद्य मिळेल. वयाची अट नाही. रविवारी सकाळी आठ.' आणि खाली ठळक अक्षरात, दोनदा अधोरेखित केलेलं, 'लग्नात वाजवणार नाही.' हा शेवटचा ताठरपणा मला आवडला. लिहिणाऱ्याला काय नको ते पक्कं ठाऊक होतं.

तो लिहिणारा म्हणजे आमचे मास्तर. पोलीस बँडमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, ठेंगणे, पाठीचा कणा असा ताठ की खुर्चीला पाठ असते हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. एका शाळेचा जुना बँड बंद पडून अडगळीच्या खोलीत गंजत होता. मुख्याध्यापकांच्या मागे लागून त्यांनी ती वाद्यं बाहेर काढली, घरी नेऊन एकेक पुसली, झडपा सोडवल्या, उंदरांनी खाल्लेल्या, भोकं झाकणाऱ्या चामडी गाद्या बदलल्या, आणि रविवारी सकाळपुरतं शाळेचं सभागृहही मागून घेतलं. मी लहानपणी शाळेत बासरी वाजवायचे असं सांगितल्याबरोबर त्यांनी माझ्या हातात क्लॅरोनेट दिलं. काळं, जड, दमट लाकडाच्या वासाचं. म्हणाले, "सहा महिने एकच स्वर. लांब."

सहा महिने मी एकच स्वर लांबवला. तेवढ्यात नवऱ्याला संध्याकाळी फिरायला जायची सवय लागली आणि त्याची साखर आटोक्यात आली. त्या सहा महिन्यांचा दुसरा फायदा मला सांगता येणार नाही.

कागदावर आम्ही सोळा जण. रविवारी प्रत्यक्षात नऊ. माझं अक्षर चांगलं आणि कार्यालयात मी लोकांच्या रजाच बघते, एवढ्यावरून मला बँडची सचिव करण्यात आलं. सचिव म्हणजे शनिवारी सोळा फोन. कुणाकडे कापूस वेचायला बाया आलेल्या, कुणाचं सोयाबीन पावसाच्या भीतीनं आजच काढायचं, कुणाकडे पाहुणे, कुणाची दाढ. युफोनियम, म्हणजे मांडीवर घेऊन फुंकायचं ते मोठं पितळी वाद्य, वाजवणाऱ्या शिक्षकांची दाढ दोन वर्षं दुखत होती. इतक्या दाढा एका माणसाला असू शकत नाहीत.

ट्रम्पेटवाले औषधांच्या दुकानाचे मालक. आमच्यात सगळ्यात चांगलं वाजवणारे तेच, आणि ते त्यांना ठाऊक होतं, हीच अडचण. यायचे वीस मिनिटं उशिरा. "मॅडम, तुम्ही सुरू करा, मी मारतो उडी मधात," म्हणायचे, आणि खरंच मारायचे. इतक्या जोरात, की पुढच्या रांगेतल्या माणसाच्या मानेवरचे केस उभे राहावेत.

उलट मोठा ड्रम वाजवणारे गृहस्थ राजूरचे, कोळशाच्या खाणीत कामाला. तिथून एसटीनं तीन तास. तरी आठच्या आधी सभागृहाच्या पायरीवर बसलेले असायचे. बोलायचे फार कमी. एकदा मी न राहवून विचारलं, "दादा, इतक्या लांबून काहून येता हो?" त्यांनी विचार केला. म्हणाले, "तिथं मोठा आवाज होते, पन तो आपल्या हातात नसते." आणि ड्रमच्या दोऱ्या ओढायला लागले.

तर मास्तर. मास्तरांचं आणि माझं भांडण दोन वर्षं चाललं होतं आणि ते एकाच वाक्याचं होतं. आम्ही वाजवायला लागायचो, ते हात वर करून सगळ्यांना थांबवायचे आणि विचारायचे, "क्लॅरोनेट कुठी हाय?"

आम्ही क्लॅरोनेटवाले तिघं. मी, एक निवृत्त तलाठी आणि एक नर्स. तिघंही त्यांच्या समोर, चार हातांवर. तिघंही वाजवत असायचो.

"सर, वाजवतोय आम्ही."

"फुंकर मारून राह्यले तुम्ही. मले सूर पाहिजे."

मग आम्ही जोरात वाजवायचो. पुढच्या रविवारी पुन्हा, "क्लॅरोनेट?" मी जाड पट्टी घेतली, तोंडात धरायची ती वेताची पट्टी. जाड असली की आवाज भक्कम येतो म्हणे. ओठाला आतून चीर पडली. आठवडाभर भाजीत तिखट टाकता आलं नाही. तलाठीकाका घरी इतका सराव करायला लागले की त्यांच्या शेजाऱ्यांनी गच्चीत येऊन हात जोडले. आणि रविवारी मास्तर डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे, आणि मान हलवायचे. नाही. नाही. नाही. मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडायचे. दोन वर्षं मी असं मानत होते, की माझ्यातच काहीतरी कमी आहे आणि ते त्या माणसाला पहिल्या दिवसापासून दिसतंय.

महागावच्या एका शाळेनं आम्हाला बोलावलं, हा आमचा पहिला बाहेरगावचा कार्यक्रम. मीच फोनवर मुख्याध्यापकांना तीनदा समजावलं होतं. बसून वाजवतो. खुर्च्या सोळा. हात नसलेल्या खुर्च्या. ते प्रत्येक वेळी "हो हो मॅडम, एकदम" म्हणाले होते. फाल्गुनातली सकाळ, पण ऊन चैत्राचं. एका टेम्पोत वाद्यं आणि दुसऱ्यात आम्ही, असे पोचलो तर शाळेच्या फाटकावर मुख्याध्यापक हार घेऊन उभे.

"या या! पाहुने स्टँडवर येऊन राह्यले. तिथून मिरवनूक शाळेपर्यंत. बँड समोर."

मी म्हटलं, "सर, मी फोनवर..."

मास्तर पुढं झाले. "आमी चालून वाजवत नाही."

"थोडंसंच तर हाय. अर्धा किलोमीटर."

"चालून नाही."

ट्रम्पेटवाल्यांनी तोवर ट्रम्पेट बाहेर काढलंही होतं. "सर, वाजवू ना एखादं सिनेमाचं. लोक उभे हायत. काय बिघडते?"

"तुम्हाले वाजवायचं असंल तर तुम्ही वाजवा. माह्या बँडचं नाव घ्यायचं नाही." मास्तरांचा आवाज चढला नव्हता, पण फाटकावरची पोरं गप्प झाली.

मुख्याध्यापक व्यवहारी होते. ते एवढंच म्हणाले, "मंग बसून वाजवा ना. ट्रॉली देतो."

आणि मास्तरांनी, ज्यांना आयुष्यभर नियमाचं अक्षर पाळायची सवय होती, विचार केला आणि होकार दिला. आम्ही बसून वाजवतो. ट्रॉलीत बसलो तरी ते बसणंच.

कापसाच्या ट्रॉलीत सोळा प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. तळाशी सरकीचा चुरा आणि कापसाचे पुंजके. मास्तर ट्रॅक्टरकडे पाठ करून, एका हातानं ट्रॉलीचा कठडा धरून, दुसऱ्या हातानं ताल देत उभे. ट्रॅक्टर सुरू झाला आणि सोळाही खुर्च्या एकदम मागं सरकल्या. युफोनियम माझ्या पाठीत घुसलं. आम्ही कूच, म्हणजे परेडची चाल, वाजवत होतो असं मला वाटतं. इंजिनच्या आवाजात मला माझा सूरही ऐकू येत नव्हता. पाहुणे म्हणजे कुणी शिक्षण खात्यातले साहेब, ते मागून जीपमध्ये डोळ्यांपुढं रुमाल धरून बसले होते, कारण ट्रॉलीतला कापूस उडून त्यांच्याकडे जात होता. रस्त्याच्या कडेला बाजाराला आलेले शेतकरी थांबून बघत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. "नवरदेव कोनता व्हय?"

हे सगळं मी सहन केलं, कारण पुढं खरा कार्यक्रम होता. शाळेच्या मैदानात मांडव, खाली सतरंज्या, मुलं, पालक, मागं उभे लोक. तीन-चारशे माणूस सहज असेल. पहिली दोन कूच नीट गेली. टाळ्या पडल्या. मग मास्तरांची स्वतःची चाल होती. पोलीस बँडमध्ये असताना त्यांनी लिहिलेली, भूपाच्या अंगाची, संथ. ती फक्त क्लॅरोनेटनं सुरू होते, वरच्या सप्तकात. अगदी हळू. बाकी सगळे गप्प, मग हळूहळू एकेक येतात. त्यांच्या हस्ताक्षरातले ते कागद मी कितीदा प्रती काढून वाटले असतील.

मास्तरांनी ताल द्यायची छडी उचलली आणि आम्हाला खूण केली. आम्ही सुरू केलं. सुरात होतो. मला माझ्या दोन्ही बाजूंचे दोघं ऐकू येत होते आणि ते चांगले वाजवत होते.

मास्तर थांबले. त्यांनी छडी खाली घेतली, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा उचलली.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खूण झाली तेव्हा सतरंजीवरची मुलं हसायला लागली. आम्ही सुरू केलं आणि मास्तर, भर स्टेजवर, दातओठ खाऊन म्हणाले, "वाजवा!"

"वाजवतोय!" मी ओरडले. मला माइकचं भान नव्हतं. माझं ते "वाजवतोय" मांडवाच्या चारी भोंग्यांतून महागावभर गेलं.

लोक खळखळून हसले. मास्तर मात्र माझ्या बोटांकडे बघत होते. मग तलाठीकाकांच्या गालांकडे, मग नर्सच्या. गाल फुगलेले होते, बोटं हलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. मी ते त्या वेळी ओळखलं नाही. मला फक्त माझा राग कळत होता. ट्रम्पेटवाल्यांनी मागून खड्या आवाजात तिसऱ्या ओळीवर उडी मारली, ड्रम आला, आणि आम्ही कशीबशी वेळ मारून नेली. त्या दिवशी त्यांच्या त्या उडीबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

परतताना मास्तर वाद्यांच्या टेम्पोत, ड्रायव्हरशेजारी बसले. आमच्या टेम्पोत मी एकटीच बोलत होते. दोन वर्षांचं सगळं बाहेर पडत होतं. त्यांचा अहंकार, माझा ओठ, सगळं. आर्णी मागं पडेपर्यंत मी बोलत होते. तेव्हा राजूरचे ड्रमवाले दादा म्हणाले, "मॅडम, सरले ऐकू येत नाही."

"काय?"

"आमच्या खानीत असे लय हायत. ड्रिलवर काम केलेले. जाडा आवाज ऐकू येते, माह्या ड्रमसारखा. बारीक आवाज जाते. पाखराचा आधी जाते. मंग बायकोचा." ते थांबले. "सरचं सारं आयुष्य बँडमधी गेलं. ट्रम्पेटच्या समोर उभं राहून."

 ट्रम्पेटवाले खिडकीबाहेर बघत राहिले.

मला वाईट वाटायला हवं होतं. ते नंतर वाटलं. आधी मला भयंकर संताप आला. दोन वर्षं! म्हणजे मी नीट वाजवत होते!

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी मी क्लॅरोनेटची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं. मास्तर बाजेवर पेपर वाचत होते. मी सरळ विषय काढला. इकडचं तिकडचं मला जमत नाही.

"मले ऐकू येते," मास्तर म्हणाले. "आता तुम्ही बोलून राह्यल्या ते ऐकू येऊन राह्यलं ना?"

"मग तिकडं तोंड करून बसा. मी वाजवते. ऐकू आलं की हात वर करा."

"मी काय शाळेतला पोरगा हाय?"

"बसा ना मग," काकू आतून म्हणाल्या. "घाबरता कायले?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर त्यांचा गणवेशातला, छातीवर पदक लावलेला फोटो होता. मी सगळ्यात खालचा स्वर धरला. हात लगेच वर गेला. थोडा वर गेले, हात वर. आणखी वर गेले, आणि मधल्या सप्तकाच्या पुढं कुठंतरी हात वर येणं थांबलं. मी वाजवत राहिले. वर, आणखी वर. स्वयंपाकघराच्या दारात काकू पोळीचं पीठ लागलेला हात वर करून उभ्या होत्या. प्रत्येक स्वराला. त्यांचा तो हात मास्तरांना दिसत नव्हता, मला दिसत होता. मग मला पुढं वाजवता येईना.

मास्तर वळले. "थांबली काहून? सुरू कर ना, सुरू कर." ते माझ्याशी पहिल्यांदा एकेरीत बोलले होते. मग त्यांनी काकूंचा हात पाहिला.

मी वाट बघत होते ते "चुकलं माझं" म्हणतील याची. ते म्हणाले, "कागदावर तर सारं ऐकू येते मले."

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले, कारण त्यांना कुणी नेणार तर सचिवच. मशीन बसवलं. मशीन लावून ते पहिल्या रविवारी आले, आणि झांजांचा पहिला ठोका पडला तसे दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसले. म्हणाले, पत्र्याच्या डब्यात दगड घातल्यासारखं वाजते सगळं. डॉक्टर म्हणाले होते, सवय होईल. मास्तरांनी सवयीसाठी बरोबर तीन रविवार दिले. चौथ्या रविवारी मशीन डबीत घालून खिशात ठेवलं आणि नवा हुकूम काढला.

"आवाज नाही आला तरी मले दिसते. क्लॅरोनेटनं सुरू करताना कोपर बाहेर काढायचं. असं. प्रत्येक ओळीला. मंग मले समजंन."

मी म्हटलं, "सर, कोंबड्यांसारखं दिसेल ते."

"दिसू द्या."

म्हणजे मी ओठ कापून घेतला, माझंच खरं होतं हे सिद्ध झालं, आणि बक्षीस काय, तर पंख फडफडवणं. ट्रम्पेटवाल्यांनी मास्तर होऊन ताल द्यावा असं दोघातिघांनी सुचवलं. ट्रम्पेटवाले म्हणाले, "नाही बाप्पा. मी उशिरा येतो." इतक्या सरळपणे त्यांनी ते पहिल्यांदाच कबूल केलं. त्यानंतरही ते उशिराच येत राहिले.

कोपराचा सराव सात महिने चालला. तलाठीकाकांच्या कोपरानं नर्सचा चष्मा दोनदा पाडला. मी तिसऱ्या ओळीला कोपर विसरायचे आणि मास्तर छडी खाली टाकायचे. सूर बरोबर असून कोपर चुकलं म्हणून थांबणारा बँड जगात दुसरा नसेल.

मग राळेगावच्या वाचनालयाचा कार्यक्रम आला. तिथं सभागृह नव्हतं, म्हणून मंगल कार्यालय घेतलेलं. व्यासपीठावर मागं नवरा-नवरीसाठीच्या दोन लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या आणि वर थर्माकोलचा 'शुभविवाह'. मी तो काढायला सांगितलं, तर व्यवस्थापक म्हणाला, उद्या लग्न आहे, चिकटवलेला आहे. ज्या शब्दाखाली वाजवणार नाही अशी आमची प्रतिज्ञा होती, त्याच्याच खाली आम्ही बसलो. मास्तरांनी वर बघितलं आणि कागद लावायला घेतले. त्यांना वाचता नक्कीच येत होतं.

त्यांची चाल आली. छडी उचलली. आम्ही तिघांनी कोपरं बाहेर काढली आणि हळू सुरुवात केली. मास्तर थांबले नाहीत. त्यांची नजर कोपरांवर, मग युफोनियमवर, मग मागच्या रांगेत. युफोनियमचे शिक्षक त्या दिवशी आले होते. ड्रम इतका हलका आला की तो आहे हे फक्त पायाला कळावं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदाही न थांबता, ती चाल पूर्ण झाली. दोन वर्षांहून जास्त सरावानंतर पहिल्यांदा मला कळलं की तिला शेवट आहे आणि तो फार चांगला आहे.

कार्यक्रम संपल्यावर एका बाईंनी मला थांबवलं. "तुमचं ते हात हलवणं लय छान वाटलं. परदेशात असंच करते ना?" मी हो म्हटलं. सगळ्यांना सगळं समजावून सांगण्याची माझी शक्ती संपली होती.

वाद्यं टेम्पोत गेली आणि आम्ही चौघं-पाच जण दुपारच्या एसटीनं निघालो. मास्तर माझ्या शेजारी बसले. बाहेर तुरीची शेतं जात होती. ते खिडकीबाहेर बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कसं वाजलं?"

मी म्हणणार होते, छान वाजलं. सगळे तेच म्हणाले होते. पण हा माणूस आपली चाल अर्धीच ऐकून आला होता आणि वरची अर्धी त्याला माझ्याकडून हवी होती. मी पर्समधून कागद काढले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांच्या उजव्या कानाशी, जो जरा बरा होता, मोठ्यानं सांगायला लागले. पहिली ओळ चांगली. दुसऱ्या ओळीत नर्स थोडी चढली. तिसऱ्या ओळीला मी उशिरा आले.

"तिसरीले तुम्ही वेळेवर होत्या."

"नव्हते, सर. मी वाजवत होते."

"कोपर वेळेवर होतं."

"कोपर वेळेवर होतं. सूर नव्हता!"

पुढच्या सीटवरच्या दोघांनी वळून पाहिलं. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिसऱ्या ओळीवर खूण केली, पण मान हलवतच, मला ते पटलेलं नाही हे मला नीट कळावं म्हणून. कळंब आलं, माणसं उतरली, चढली, आणि आम्ही पाचव्या ओळीवर भांडत होतो.